विश्वासाची देवघेव

सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहास्तव आमच्या घरी मोती आला. स्वभावाने तो अत्यंत प्रेमळ. परंतु रबरी चेंडू तोंडात असला की त्याचे रूपच पालटे. अंग ताठ होई, तिरप्या नजरेत डोळ्यांचा पांढरा भाग दिसे आणि कोणी जवळ जाताच तो गुरगुरे. घरात चार वर्षांचा नातू असल्याने ही बाब थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

पशुवैद्यांनी प्रथम त्याला कोठे दुखत नाही ना, हे तपासले. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. मारून ती बंद केल्यास कुत्रा सूचना न देताच चावू शकतो, असे त्यांनी बजावले. वस्तू हिसकावू नये, मोबदला द्यावा, हा त्यांचा सल्ला.

त्याप्रमाणे आम्ही थोड्या अंतरावर पनीरचा तुकडा टाकू लागलो. मोती चेंडू सोडून तो खाई, तेवढ्यात चेंडू उचलून लगेच त्याला परत देत असू. आरंभ कमी आवडत्या खेळण्यापासून केला. या काळात नातवाला दूरच ठेवले. तीन महिन्यांनी 'सोड' म्हणताच मोती चेंडू पायाशी ठेवू लागला.

बँकेत आयुष्य गेल्याने मला याचे नवल वाटले नाही. पैसे बुडण्याच्या भीतीने ठेवीदार दारात गर्दी करतात; मागताच मिळतील अशी खात्री असली की निश्चिंत राहतात. मोतीलाही तीच खात्री हवी होती. तरीही नातवाला आम्ही त्याच्याजवळ एकटे सोडत नाही. व्यवहार कितीही चोख असला, तरी देखरेख हवीच.