ओव्हरहॉल म्हणजे काय हो?

वाचकहो, तुमच्या घरी इंजीन असेल, ट्रॅक्टर असेल, नाहीतर नुसती मोटारसायकल असेल, तर 'ओव्हरहॉल' हा शब्द तुमच्या कानावरून नक्की गेला असेल. कोणी ओव्हरॉल म्हणतो, कोणी ओव्हरालिंग. मी नव्याने सासरी आले तेव्हा मला तो 'ओव्हरऑईल' वाटायचा. इंजिनात भरपूर तेल ओतायचे काम असेल, अशी माझी समजूत! हसू नका. या एका शब्दापायी माझ्या कानातली फुले गेली, म्हणून आज त्याच्याविषयी चार गोष्टी सांगायला बसले आहे.

माझे माहेर वाळवा तालुक्यातले आणि सासर कऱ्हाड तालुक्यातले. आज एक सांगली जिल्ह्यात आणि एक साताऱ्यात. पण 1949 पर्यंत दोन्ही साताऱ्यातच होते. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. या आपल्या मुलखात इंग्रजी शब्द शाळेपेक्षा वर्कशॉपमधूनच जास्त आले. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर झाले, पंप झाले. पुढे नदीकाठाने साखर कारखाने उभे राहिले. बेरिंग, शाफ्ट, व्हॉल्व्ह, गास्केट हे शब्द सही करता न येणाऱ्या माणसांच्याही तोंडी बसले. ओव्हरहॉल त्यांच्याच बरोबर आला. फरक एवढाच, की बेरिंग हातात धरून दाखवता येते. ओव्हरहॉल हातात धरता येत नाही.

ही 1983 सालची गोष्ट. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजीन होते. माघ महिन्यात ते निळसर धूर टाकू लागले. ऑईल रोज भरावे लागे, आणि हँडल मारून मारून आमच्या ह्यांचा खांदा उतरायची वेळ आली. खाली तीस गुंठे ऊस उभा. मामंजींनी इंजीन बैलगाडीत घातले आणि तालुक्याच्या गावी एका मेस्त्रीकडे नेले. मेस्त्रीने एकदा बघितले आणि म्हणाला, "ओव्हरहॉल करावं लागतंय."

"करा," मामंजी म्हणाले.

अकरा दिवसांनी इंजीन परत आले. हिरवागार रंग, चकाकणारी टाकी. बिलावर एकच ओळ होती: 'ओव्हरहॉलिंग, एकूण.' तेवढे पैसे घरात नव्हते. मी कानातली फुले काढून दिली. माझ्या आईने लग्नात घातलेली होती. मामंजींनी ती हातात घेताना माझ्याकडे पाहिले नाही. "उसाचं बिल आलं की पहिल्यांदा हीच," एवढेच म्हणाले.

सहा आठवडे इंजीन चालले. ऐन चैत्रात, उन्हाच्या तडाख्यात, पुन्हा तोच निळा धूर. मग एक दिवस ते सुरूच होईना. शेजाऱ्यांकडे पाण्याची पाळी मागितली, पण त्यांचीच पिके तहानलेली. ऊस वरून पिवळा पडत चालला.

माझा थोरला भाऊ एका साखर कारखान्यात फिटर होता. निरोप गेल्यावर तो आला. विहिरीच्या थारोळ्यावर पोते अंथरले आणि त्याने इंजिनाचे हेड उतरवले. पिस्टन काढला, लायनर पुसला आणि मला म्हणाला, "ताई, इथं नख फिरव."

मी बोट आत घातले. वरच्या बाजूला नखाला पायरी लागली.

"ही पायरी म्हणजे झीज," तो म्हणाला. "रिंगा नव्या कोऱ्या घातल्यात. पण लायनर खाल्लेला. गोल राहिला न्हाई तो. वाकड्या रांजणावर नवं झाकण बसतंय का?"

मामंजी बाजूला उकिडवे बसून ऐकत होते. त्यांनी विचारले, "मग त्यो ओव्हराल का काय म्हणला, त्यो केलाच न्हाई म्हण की?"

भावाने मग ओव्हरहॉल म्हणजे काय ते सांगितले. वाचकहो, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्याचा गळीत हंगाम संपला, की मशिनरी थंड होते आणि ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर काढतात, झिजलेल्या खाचा पुन्हा कापतात. टर्बाइन खोलतात. बेरिंगे काढून पुसून मोजतात. बॉयलरच्या नळ्या साफ करतात, आणि तपासणी झाल्याशिवाय तो पेटवता येत नाही. मग कुठे अग्निप्रदीपन, मग गव्हाणीची पूजा आणि मोळी. रेठऱ्याचा कृष्णा घ्या, यशवंतनगरचा सह्याद्री घ्या, साखराळ्याचा राजारामबापू घ्या. पावसाळाभर आत हेच काम चालते. आपल्याला वाटते, कारखाना बंद आहे.

भाऊ म्हणाला, "मामा, ओव्हरहॉल म्हंजे चार कामं. पयलं, सगळं खोलायचं. दुसरं, पुसायचं. तिसरं, मोजायचं. आणि मग चौथं, काय ठेवायचं, काय बदलायचं ते ठरवायचं. रंग त्यात कुठंच येत न्हाई."

मामंजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे शाकारणीच की रं!"

मला तो क्षण अजून आठवतो. एवढा मोठा इंग्रजी शब्द, आणि म्हाताऱ्या माणसाने तो अलगद आपल्या घराच्या आढ्यावर नेऊन ठेवला. मिरगाच्या आधी आपण घर शाकारतो, तेव्हा काय करतो? कौले उतरवतो, झाडतो. रिपा आणि वासे ठोकून बघतो, वाळवी लागली का ते पाहतो. धड कौल पुन्हा चढवतो, फुटके बाजूला टाकतो. गळक्या जागी नुसते एक कौल सरकवणे ही डागडुजी. भिंतीला चुना लावणे ही रंगरंगोटी. देवळाचा करतो तो जीर्णोद्धार. आपल्या भाषेत प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे, म्हणून गवंड्याने आपल्याला फसवणे अवघड जाते. मेस्त्रीच्या दुकानात मात्र या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मामंजी रिंगा फडक्यात बांधून मेस्त्रीकडे गेले. मेस्त्री म्हणाला, "तुम्ही ओव्हरहॉल करा म्हणालात, मी केलं. लायनर बदला असं कुठं म्हणालात?" यावर मामंजींना उत्तर देता आले नाही. पैसे परत मिळाले नाहीत. नवा लायनर आणि पिस्टन भावाने त्याच्या पगारातून आणला आणि दोन दिवसांत बसवून दिला. ऊस निम्मा वाचला. त्या वर्षीच्या बिलातून सोसायटीचे कर्ज फिटले, पण फुले सुटली नाहीत.

पुढे एकदा जेवताना मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, मला त्या दिवशी इचारायचं हुतं, काय काय करणार म्हणून. पण शब्द इंग्रजी हुता. इचारलं तर अडाणी ठरीन असं वाटलं." कवायती पहिलवानासारखा ताठ माणूस, पण हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती.

नंतर मी या शब्दाची चौकशी केली. तो मुळात गोऱ्या लोकांचाही यंत्राचा शब्द नव्हे. तो जहाजावरचा. 'हॉल' म्हणजे ओढणे. शिडाचे दोर सैल करून, ओढून, कप्प्यांतून मोकळे करून खलाशी तपासत, त्याला ते ओव्हरहॉल म्हणत. आपल्याकडे मोटेचा नाडा हंगामाआधी पीळन् पीळ उलगडून बघत, तसेच. म्हणजे त्या शब्दाच्या पोटातही आधी तपासणी आहे, दुरुस्ती मागाहून.

आता हा शब्द फारच फिरतो. वर्तमानपत्रात पक्षाचे ओव्हरहॉलिंग होते, शिक्षणाचे होते. आमच्या गावचे एक आजोबा मिरजेहून ऑपरेशन करून आले आणि पारावर सांगत सुटले, "ओव्हरॉल करून आलोय, अजून धा वर्सं मरत न्हाई!" त्यांच्या बाबतीत मात्र शब्द चपखल होता. डॉक्टरांनी आधी तपासले होते.

तर माझ्या बहिणींनो आणि भावांनो, एवढे लक्षात ठेवा. इंजीन निळा धूर टाकत असेल तर ऑईल जळते आहे. रिंगा किंवा लायनर झिजलेला असण्याचा संभव मोठा. काळा धूर असेल तर डिझेल पुरते जळत नाही; नॉझल, हवेची जाळी आणि इंजिनावरचा बोजा आधी बघा. खर्च मोठा होण्याआधी रोग ओळखा. मेस्त्री ओव्हरहॉल म्हणाला, की विचारा: खोलल्यावर मला बोलवाल का? काय काय मोजणार? लायनरची झीज किती निघाली? बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घ्या. आणि काढलेले जुने भाग पोत्यात घालून घरी आणा. चांगला मेस्त्री याला नाही म्हणत नाही. उलट त्याला बरे वाटते, कारण झिजलेला भाग हीच त्याच्या कामाची साक्ष असते.

मामंजी जाऊन आता वीस वर्षे झाली. विहिरीवर विजेची मोटार आहे. मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचे काम निघाले, तेव्हा नातू म्हणाला, "आजी, ओव्हरहॉलला टाकलाय." मी पायात चप्पल घातली आणि त्याच्या मागे गाडीवर बसले. दुकानातल्या पोराने मला खुर्ची दिली. मी म्हटले, "खुर्ची राहू दे बाळा. आधी हेड उतरव, मला नख फिरवून बघायचंय."