माघार आणि माघारी



आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द घेऊ : माघारी. पेणच्या बाजारात निवडणुकीच्या दिवसांत 'त्याने अर्ज माघारी घेतला' असे ऐकू येते. रोह्याच्या स्टेशनवर पाहुण्यांना गाडीत बसवून आलेला माणूसही 'माघारी आलो' असेच म्हणतो. पण माघार घेणे वेगळे आणि माघारी येणे वेगळे. माघार घेतो तो हातातले काम टाकतो. माघारी येतो तो काम करून घरी येतो.

पेणच्या खारेपाटात हे डोळ्यांनी पाहता येते. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि बांधाला उघाडी ठेवतात. भरतीला तिचे दार मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतात तुंबलेले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. खाडी माघारी गेली नाही तर भात कुजेल. ओहोटीला कुणी समुद्राची हार म्हणत नाही.

आपली पावलीसुद्धा मागे-पुढे टाकलेल्या पावलांचीच असते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की पालख्या माघारी निघतात. जाताना लाखोंची दाटी, परतीच्या वाटेवर मोजकेच वारकरी. पण वारी म्हणजे येरझार. जो माघारी येत नाही, तो पुन्हा जाणार कसा?

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो माझ्या घरात राहतो. आषाढ म्हणजे आमच्याकडे लावणीचे दिवस. वडील वारीला जात आणि त्यांच्या माघारी आई चिखलात उभी राहून लावणी उरकी. पंढरी तिला घडत नसे. पण तिच्यामुळे वडिलांना घडे. पुढे वडील वैकुंठवासी झाले. आई अजूनही म्हणते, 'त्यांच्या माघारी मी शेत पडू दिले नाही.' शब्द तोच राहिला, त्यातले परत येणे तेवढे गेले.

म्हणून माऊली, यंदा पंढरीहून आलात की प्रसाद वाटण्याआधी घरात एवढे विचारा : माझ्या माघारी कोणी काय काय सांभाळले? ज्याने सांभाळले, त्याच्या पायांवर आधी डोके ठेवा. अर्धी वारी त्याची आहे.