उलुरूची प्रदक्षिणा

उचगावाहून मुलाकडे ऑस्ट्रेलियास गेलो असता, तेथील मध्यवर्ती वाळवंटात उलुरू ही 348 मीटर उंच, तांबड्या वालुकाश्माची शिला पाहण्याचा योग आला. जवळच युलारा येथे तंबूत मुक्काम केला. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले. शिलेवर चढता येणार नाही, हे कळताच नातू हिरमुसला. खरे तर मीही. स्थानिक अनंगू लोकांना ती पवित्र असल्याने 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद आहे. श्रवणबेळगोळचा विंध्यगिरी आपण अनवाणी चढतो. येथे न चढणे हाच आदर. पहाटे पायथ्याभोवतीची सुमारे 10 किलोमीटरची वाट धरली. अर्ध्यावर नातू म्हणाला, “आजोबा, ही तर प्रदक्षिणाच!” मग शिखराची आठवण दोघांनाही राहिली नाही.