सावलीच्या पलीकडचे पक्षी

नोव्हेंबरात बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर पक्षी पाहायला सकाळी लवकर पोचावं. अंगात मळखाऊ रंगाचे कपडे असावेत. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली 'सह्याद्री देवराई' ती हीच. फेब्रुवारी २०२० मध्ये इथे वृक्ष संमेलन भरलं, अध्यक्ष होतं वडाचं झाड. अध्यक्षीय भाषण अर्थातच झालं नाही. आपल्याकडच्या संमेलनांत हा विक्रमच म्हणायचा.

नोव्हेंबरातच यायचं, कारण अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबरचा, पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ चा. या दोन तारखांमधले दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. शाळेची पोरं, निवृत्त गुरुजी, नव्या दुर्बिणीचा पट्टा सारखा सावरणारे हौशी अशी वरात पक्षी पाहण्याच्या फेरीला निघते. वाटाड्या जाणता असला की आधी सगळ्यांना गप्प बसवतो. मग तारेवरचा वेडा राघू दिसू लागतो. झेपावतो, हवेतच मधमाशी टिपतो, परत त्याच जागी येतो. माशी चोचीत आडवी धरून तारेवर आपटतो, नांगी घासून काढतो, मगच गिळतो. हे एकदा नीट पाहिलेलं पोर पुढे नावं आपणहून विचारतं.

खरं तर गावच्या माणसाला पक्षी नवे नाहीत. हुरड्याच्या दिवसांत मचाणावर बसून ज्यानं गोफण फिरवली, त्याला भोरडी ओळखायला पुस्तक लागत नाही. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या भोरड्या पार मध्य आशियातून येऊन ज्वारीवर उतरतात. त्या इथे मुक्कामाला असतात तेव्हा जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या असतात. कित्येकांची लेकरंही बरोबर. फेरीला पोरं कमी दिसली तर उत्तर शाळेच्या हजेरीपटात शोधावं.

झाडं लावली की पक्षी येतात, हे खरंच. बुलबुल, शिंजीर, तांबट येतात. पण बीडचे जुने रहिवासी माळावरचे. चोचीच्या बुडाशी पिवळी लोंबती कातडी असलेली माळटिटवी उघड्या मुरमावर जराशी खळगी करून अंडी घालते. ती खड्यांत अशी मिसळून जातात की पायाशी असली तरी दिसत नाहीत. डोंबारी चंडोलाचा नर उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमीन जवळ आली की पुन्हा वर उसळतो. यांना सावली नको, मोकळं रान हवं. 'पडीक' म्हणून सरसकट खड्डे घेऊन रोपं लावली की त्यांचं घर जातं आणि आपल्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं. पाटोद्याकडे नायगावला १९९४ पासून मोरांसाठी अभयारण्य आहे, ते चांगलंच झालं. टिटवीसाठी माळ राखून ठेवावा, असं मात्र कुणाच्या मनात येत नाही. मोराचा पिसारा तिच्याकडे नाही ना!

म्हणून फेरी काढणाऱ्यांना एक विनंती. देवराई फिरून झाली की लगेच चहा-पोह्यांकडे वळू नका. अर्धा तास झाडांपलीकडच्या माळावर चला. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. शेळ्या चारणारा भेटलाच तर त्याला पुढे चालू द्या. उन्हाळ्यात टिटवी कुठे बसते ते त्याला ठाऊक असतं. तुम्हाला सांगायचं की नाही, तेही त्यालाच ठरवू द्या.