खडकाची भरती

बुटक्यांसाठी पंचांग करायला घेतलं, तेव्हा आधी जाणवली ती आभाळाची उणीव. आपला पाडवा, पोळा, संक्रांत, एकादशी, सगळं वर पाहून ठरतं. आमचे बुटके राहतात डोंगराच्या पोटात. खेळता खेळता, फासे टाकत, नकाशे रेखाटत आम्ही मित्रांनी हळूहळू उभं केलेलं ते जग. त्यात त्यांच्या भट्ट्या, त्यांची कुळं, कुळांची वैरं, सगळं ठरलेलं होतं. पण त्यांचं वर्ष कधी सुरू होतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

अशा खेळांसाठी तयार दिनदर्शिका आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या फरगॉटन रेल्म्सची घ्या: ३० दिवसांचे १२ महिने, दहा दिवसांचा आठवडा, महिन्यांच्या सांध्यांवर सणांचे ५ सुटे दिवस. हिशेबाला सोयीची, पण तिच्यात खाणीचा ओलावा नाही. तो टॉल्किनकडे सापडतो. त्याच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ या कादंबरीत शरदातल्या शेवटच्या चांद्रमासाचा पहिला दिवस हा बुटक्यांचा वर्षारंभ, आणि त्या दिवशी सूर्य-चंद्र एकाच वेळी आकाशात असले, तर तो ड्युरिनचा दिवस. ज्या घरात कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नव्या वहीची पूजा होते, त्या घरात मी वाढलो. मला हा वर्षारंभ परका वाटलाच नाही. पण तिथेच बुटक्यांचा म्होरक्या थोरिन सांगतो, की असा दिवस पुन्हा कधी येईल हे काढण्याची विद्या आमच्याकडे आता उरलेली नाही. सोनं गेलं, डोंगर गेला, ते पुन्हा मिळवायला तेरा जण निघालेत. गणिताचं मात्र कुणी नावही काढत नाही. मला त्या गणिताचीच हळहळ वाटत राहिली. ते कसं असेल, काळोखात बसून त्यांनी ते कशावरून मांडलं असेल?

शरीराच्या भरवशावर तर नक्कीच नाही. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय जवळजवळ दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट उजाडला होता. भूक आणि झोप यांवर दिवस मोजले, की मधले कितीतरी दिवस असे गळून जातात.

मग मी वाऱ्याकडे वळलो. डोंगराला वर-खाली दोन तोंडं असली, की तो श्वास घेतो. हिवाळ्यात आतली ऊबदार हवा वरच्या तोंडाने निसटते आणि खालच्या दारातून गार हवा आत ओढली जाते. उन्हाळ्यात सारं उलट. खाणींतला वारा ऋतूप्रमाणे दिशा पालटतो, हे १५५६ साली छापल्या गेलेल्या अॅग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथातही नोंदलेलं आहे. म्हणून आमच्या बुटक्यांच्या वर्षाचे दोनच ऋतू: आतवारा आणि बाहेरवारा. दोहोंच्या मधे काही दिवस दिव्याची ज्योत सरळ उभी राहते. त्या दिवसांत भट्ट्या विझवायच्या, कर्ज मागायचं नाही, भांडण काढायचं नाही.

ऋतू मिळाले, महिने राहिले. आणि इथे खऱ्या पृथ्वीने मला जे दिलं, त्यापुढे खेळातली सगळी जादू मला फिकी वाटते. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, तशी ती दगडालाही येते. पायाखालची भक्कम जमीन दिवसातून दोनदा, कुठे कुठे तीसेक सेंटिमीटरपर्यंत, उचलली जाते आणि पुन्हा बसते. आपल्याला कळत नाही, कारण आपल्यासकट सगळंच उचललं जातं. पण खडकात कोंडलेल्या पाण्याला ते कळतं. काही खोल विहिरींची पातळी या ओढीने खरोखरच थोडीशी वरखाली होते. म्हणजे ज्यांनी जन्मात चंद्र पाहिला नाही, त्यांच्याही विहिरीत चंद्र येतो! आमच्या बुटक्यांच्या सर्वांत खोल दालनात आता अशी एक विहीर आहे. तिच्या कडेच्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या रेघा आहेत, आणि पाणी सर्वांत जास्त हलतं तेव्हा पंधरवडा संपतो.

मात्र अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्हींना ओढ सारखीच वाढते. पंधरवडा पालटला हे विहीर सांगते. काळोखाचा की उजेडाचा, ते तिला सांगता येत नाही. महिना कुठे सुरू झाला हे ठरवायला कुणीतरी वर जाऊन आभाळ बघायलाच हवं. त्या माणसाला मी ‘साक्षी’ म्हटलं. दर पंधरवड्याला तो हजारो पायऱ्या चढतो, पाहतो, खाली येऊन एकच शब्द सांगतो, आणि त्या शब्दावर सबंध नगरीची वही चालते. तो चुकीचं बोलला, तर लग्नं, मुदती, वर्षश्राद्धं, सगळंच सरकेल. म्हणून साक्षी कुठल्याही कुळाचा नसतो, त्याला कर्ज घेता येत नाही, आणि त्याच्या दारासमोरून जाताना राजाही हातोडा खाली धरतो.

आमच्या खेळात सध्या बाहेरवारा संपत आला आहे. म्हातारा साक्षी पायऱ्यांवर थकून बसला आहे, आणि त्याची जागा घ्यायला कुळ सोडून कोण पुढे येतं, हे माझ्या मित्रांनी अजून ठरवलेलं नाही.