खुब्याचा नंबर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी एक भांडण दरवर्षी ठरलेले असते. मी जुने कागद रद्दीत टाकतो आणि आई ते परत उचलून आणते. यंदा माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात शिलाई यंत्राची पावती होती, कधीच बंद पडलेल्या रेडिओचे गॅरंटी कार्ड होते आणि एका पिवळट कागदावर चिकटवलेली तीन-चार लेबले होती. त्यांवर नुसती अक्षरे आणि आकडे. मी कागद चुरगळणार, तोच आई ओरडली, "अरे, तो माझ्या खुब्याचा नंबर आहे!"

मी हसलो; पण ते हसू फार टिकले नाही. आईच्या खुब्याचा सांधा बदलला २००९ साली. आणि २०१८ साली मी वर्तमानपत्रात एक हकीकत वाचली होती, हळहळलो होतो आणि पान उलटले होते. या दोन सालांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे मराठीच्या या प्राध्यापकाला तेव्हा सुचलेही नाही!

हकीकत अशी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने 'एएसआर' नावाचा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. पाच वर्षांत आठांतल्या सुमारे एका रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. या सांध्यातला गोळा आणि वाटी, दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम धातूंची. घासून धातूचे कण रक्तामांसात उतरतात, अशी रुग्णांची तक्रार होती.

माळ्यावरचे सामान उतरवायला शेजारचा जॉबर आला होता. जन्म मागांच्या खटखटाटात गेलेला. तो म्हणाला, "सर, लोखंडावर लोखंड घासलं की कीस पडतोयच की! मागाला तेल तरी देता येतंय. माणसाला कुठनं देणार?"

मागाचा भाग बिघडला तर आमच्या इचलकरंजीत लोक तो पिशवीत घालून, पावती घेऊन दुकानदाराच्या दारात उभे राहतात. पण मांडीत शिवून टाकलेली वस्तू कोणाच्या टेबलावर आपटायची? अमेरिकेत खटले उभे राहिले आणि २०१३ साली सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. पण केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ साली. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसले होते. त्यांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. मे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली, ती पडताळणी झालेल्या ६७ जणांना!

मला त्या न सापडलेल्यांची आठवण झाली. त्यांतल्या कितीजणी "वय झालं, दुखायचंच" म्हणून पाय चोळत बसल्या असतील? आणि कितीजणींच्या घरी माझ्यासारखा एखादा टापटिपीचा मुलगा असेल?

आई पाटावर बसली होती. तिने बेताच्या आवाजात विचारले, "माझ्यात बसवलंय ते तसलं नव्हे ना रे?"

मी चष्मा पुसला आणि लेबलावरचे एकेक अक्षर लावू लागलो. नाव निराळे होते. वाटीच्या लेबलावर 'पॉलिएथिलीन' असे होते. म्हणजे वाटी आतून प्लॅस्टिकची. दोनदा वाचले, मग मोठ्याने वाचून दाखवले. आईने नुसती मान हलवली.

तो कागद मी सरळ केला आणि माझ्या एम. ए.च्या प्रमाणपत्राच्या फायलीत सर्वांत वर ठेवला. आई पाहत होती. म्हणाली,

"आता रेडिओचं कार्ड टाकलंस तरी चालेल."