फिकट जास्वंद

आमच्या घरी देवपूजेची फुले काढण्याचा मान माझ्या कन्येचा. गेल्या वर्षी श्रावणात एके सकाळी तिने परडी खाली ठेवली आणि विचारले, "बाबा, आज जास्वंद अशी विटल्यासारखी का दिसते?" वर्तमानपत्रातून मान वर न करताच मी ऊन, पाऊस, खत असे काहीसे उत्तर दिले. फूल नेहमीसारखेच लालभडक होते. मी ते पाहिलेच नव्हते! दुसऱ्या दिवशी ती एकेक डोळा झाकून फूल पाहू लागली. उजव्या डोळ्याला ते लाल दिसे, डाव्याला जुन्या विटेसारखे. डोळा फिरवला की मागे ठणका लागे. चौथ्या दिवशी समोरच्या माणसाचा चेहरा धुक्यात गेला. कडेचे तेवढे दिसत राहिले.

नेत्रवैद्यांनी विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवली. उजवीकडून ती डाव्या डोळ्यावर आली की बाहुली आकसण्याऐवजी फाकत होती. डोळ्याच्या आत मात्र सारे निर्मळ! या विकारात पुष्कळदा रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही, हा आपल्या धंद्यातला जुना विनोद त्यांनी ऐकवला. मला हसू आले नाही. विकाराचे नाव ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे दृष्टीच्या नसेचा दाह. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या या नसेत दहा-बारा लक्ष तंतू असतात. शरीराची रक्षक सेनाच कधीकधी त्यांच्या वेष्टणावर उलटते आणि डोळ्याचे निरोप वाटेतच अडखळतात.

घरात कारणांची वानवा नव्हती. थोरल्या वहिनींनी दृष्ट काढली. शेजाऱ्यांनी मोबाइलला दोष दिला, सौभाग्यवतींनी जागरणाला. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. पण जागरण कोणापायी, हे मला ठाऊक होते. दोन महिने माझ्या पुस्तकाची मुद्रिते तीच तपासत होती. मी डॉक्टरांना एकांतात गाठले. "वाचनाने हे होत नाही, प्रोफेसरसाहेब," ते म्हणाले. क्षय आणि उपदंश यांची तपासणी झाली. क्षयावरचे इथॅम्ब्युटॉल, विषारी दारूतले मिथेनॉल, बी-१२ची उणीव हीदेखील या नसेला इजा करतात, म्हणून त्यांचीही विचारपूस झाली. २००४ साली उजेडात आलेले ॲक्वापोरिन-४ विरोधी प्रतिपिंड रक्तात शोधले. सर्वांचे उत्तर नकारार्थी! मी निर्दोष ठरलो. पण आनंद म्हणून झाला नाही. अपराध माझा असता, तर निदान ती मुद्रिते जाळून टाकता आली असती.

इंग्रजीच्या अध्यापकाने वैद्यकात डोकावू नये, मी डोकावलो. तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते १८२२ साली स्कॉटलंडात एका प्रिय आप्ताच्या अंत्यविधीला गेला. त्यानंतर त्याची दृष्टी इतकी मंदावली की पत्रेही दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. ती कोणत्याही उपचारावाचून परतली. पण पुढे दुखणे पायांत उतरले आणि १८४८ साली तो वारला. त्याने रोजनिशी लिहून ठेवली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचा हा बहुधा पहिला लेखी दाखला. शार्कोने त्या रोगाचे सविस्तर वर्णन केले ते १८६८ साली. हे सारे मी नको त्या रात्री वाचले. कन्येच्या मेंदूच्या चित्रात एकही डाग नव्हता. अशांपैकी २५ टक्के रोग्यांना पंधरा वर्षांत तो रोग जडतो, डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना, असे एका अमेरिकन पाहणीत आढळले. पंचवीस म्हणजे चारांत एक. हा हिशेब मी घरात कोणालाही सांगितला नाही.

तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिले. त्याने दृष्टी लवकर परतते, अखेरीस अधिक परततेच असे नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सहा आठवड्यांत अक्षरे स्थिरावली. अजून पर्वतीच्या पायऱ्या चढून अंग तापले की तिचा डावा डोळा काही मिनिटे अंधुक होतो. ऊटहॉफ नावाच्या जर्मन वैद्याने १८९० सालीच हे नोंदवले आहे. ती पायरीवर बसते आणि म्हणते, "बाबा, थांबा जरा, दिवा मंदावलाय." मी थांबतो आणि उगाच शहराकडे पाहत राहतो.

पुस्तकाची उरलेली मुद्रिते मीच तपासली; त्यामुळे शुद्धिपत्र चार पानांचे झाले. सकाळी परडी आली की हल्ली मी वर्तमानपत्र खाली ठेवतो. परवा तिने उजवा डोळा झाकून जास्वंद बराच वेळ न्याहाळली. मी काही विचारले नाही. फूल देवापुढे ठेवून ती म्हणाली, "दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते माझ्याकडे द्या हं."